वद्य नवमीचा उपास

पेरांबूर, मद्रास
१२ फेब्रुवारी १९८६

ती. तुळजाजी आजोबा यांस,
अलकनंदाचा सलाम.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमची थोरली बहीण राजसबाई, तिची मी नात. ३१ जानेवारीला, शुक्रवारी सकाळी, आजी गेली. पंच्याहत्तर वर्षांची होती. आजोबा म्हटलेलं आवडलं नाही तर तेवढं खोडून पुढचं वाचा.

माझे वडील तिचा थोरला मुलगा. ते एकाहत्तर साली गेले. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच, ती आणि मी. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. माझं मराठी आजीकडून आलेलं आहे, स्वयंपाकघरातलं आणि प्रार्थनेतलं, तेव्हा चुका असतील. आमचे सॅम्युएल आजोबा नगरकडचे. त्यांचं मराठी निराळं, हिचं तंजावरचं निराळं. भांडण पेटलं की दोघं तमिळमध्ये उतरायची, म्हणजे कुणाचंच मराठी चुकायला नको.

पेटीत ठेवायच्या आधी चर्चमधल्या बायकांनी तिला लुगडं नेसवलं ते साफ चुकीचं. नऊवारी त्यांना येत नाही. मी सगळ्यांना बाहेर काढलं, सोडलं आणि पुन्हा नेसवलं. निऱ्या मोजल्या, काष्टा घातला. बाहेर बायका गात होत्या, रडत होत्या, आणि मला दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर सांगायचं आहे एवढंच आठवत होतं. अजूनही तसंच आहे. कुणी सांत्वनाला आलं की मी कॉफी करते.

आता कामाचं. कबरीवरच्या दगडावर काय लिहायचं ते आजीनं सांगून ठेवलंय. वर तिचं नाव, खाली नवऱ्याचं, आणि त्याखाली 'तंजावरच्या जनकोजींची मुलगी'. पण ही शेवटची ओळ तुम्ही हो म्हटलं तरच. "नाव बापाचं आहे, आता तुळजाच्या ताब्यात आहे. विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. नाही म्हणाला तर जागा कोरी सोड," असं तिनं मला तीनदा बजावलं. दगड घडवणाऱ्याकडे तेवढी जागा कोरी ठेवली आहे. तुमचा होकार एका ओळीत कळवला तरी पुरे.

तुमची,
अलकनंदा साळवे


॥ श्री ॥
तंजावूर
२१ फेब्रुवारी १९८६

श्रीमती अलकनंदा साळवे यांस,
तुळजाजीचा नमस्कार. आपलं पत्र पोचलं.

आपली काही गफलत झालेली दिसते. मला एकच बहीण होती. ती शके १८५३, मार्गशीर्ष वद्य नवमीस वारली. आमच्या तीर्थरूपांनी दर्भाची बाहुली करून तिला अग्नी दिला, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि शेजारी उभा होतो. दरसाल त्या तिथीस तिचं श्राद्ध होतं. आधी तीर्थरूप करीत, त्यांच्या पश्चात मी करतो. ज्या बाईचं श्राद्ध चोपन्न वर्षं चाललं आहे, ती गेल्या महिन्यात मद्रासेत कशी वारेल?

मी कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होतो. एका माणसाच्या मृत्यूची दोनदा नोंद करता येत नाही, एवढं मला कळतं.

आपल्या घरी जी वृद्ध बाई वारली तिच्या आत्म्यास शांती लाभो. नाव घालण्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. माझ्या बहिणीची कबर नाही.

कळावे.
तुळजाजी


पेरांबूर, मद्रास
३ मार्च १९८६

ती. तुळजाजी आजोबा यांस,
सलाम.

तुमचं पत्र वाचून राग यायला हवा होता. रविकांत काकांना आला. काका म्हणजे आजीचा धाकटा मुलगा. "कसले नातेवाईक, सोड ती ओळ, मी चांगलं वचन निवडतो, त्या जागेत बसेल," म्हणाले. मला मात्र काही झालं नाही. पत्र घडी करून ठेवलं आणि वह्या तपासायला बसले.

श्राद्धाचं आम्हाला ठाऊक आहे. आजीला तर पहिल्यापासून ठाऊक होतं. तुमच्याकडच्या मिशन दवाखान्यातली एक नर्स तिला पत्रं पाठवायची, तिनं कळवलं होतं.

आजी किती श्रद्धाळू होती ते तुम्हाला कोण सांगणार, म्हणून मीच सांगते. पहाटे चारला उठून गुडघ्यावर. रविवार एकही चुकवला नाही, पूर आला तेव्हा कंबरभर पाण्यातून गेली. तीस वर्षं दवाखान्यात बायकांच्या खाटांपाशी बसून वचन वाचून दाखवलं, त्यांची पोरं सांभाळली, मेलेल्यांचे डोळे मिटले. घरात सिनेमाचं गाणं चालायचं नाही. असली ही बाई दरवर्षी मला मैलापूरला पाठवून पंचांग विकत आणवायची! गादीखाली लपवायची. पाळकसाहेबांच्या हाती एकदा लागलं, तर म्हणाली, "मला माझी तिथी बघायची असते."

वद्य नवमीला ती तोंडात पाणीसुद्धा घालायची नाही. मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, "आज तुळजा माझ्यासाठी उपाशी आहे गं. ब्राह्मण जेवेपर्यंत त्याला खाता येत नाही. तो तिकडे उपाशी, आणि मी इकडे गिळत बसू?" दुपारचे तीन वाजले की म्हणायची, "आता जेवला असेल," आणि मग ताट वाढायला सांगायची. तुम्ही तिला मेलेली समजता याचं तिला वाईट वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही. तिच्या तोंडून एवढंच ऐकलं, की माहेरात अजून माझं कुणीतरी करतं.

यंदाही तिनं उपास धरला. जानेवारीचा पहिला आठवडा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, मीही ओरडले, पण ऐकेल तर आजी कसली! तीन वाजता जेवायला उठली आणि पाटाशीच खाली बसली. तिथून खाटेवर, आणि खाटेवरून महिन्यानं पेटीत. डॉक्टर म्हणतात हृदय थकलं होतं. झालं ते जसंच्या तसं लिहिते आहे, दोष देत नाही. दोष द्यायला मनात काहीतरी हलावं लागतं.

ईस्टर ३० मार्चला आहे. त्या पहाटे आम्ही सगळे कबरींपाशी जमतो, तोवर दगड बसायला हवा. म्हणून पुन्हा विचारते. हो की नाही?

अलकनंदा


॥ श्री ॥
तंजावूर
२ एप्रिल १९८६

चि. अलकनंदा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा ईस्टर रविवारी होऊन गेला, ठाऊक आहे. हे पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. टपालपेटीपर्यंत जाऊन परत आलो. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं असं करावं? पण केलं.

नाव घाल. 'तंजावरच्या जनकोजींची मुलगी' असं ठळक अक्षरांत घाल. कुणी विचारलं तर हे पत्र दाखव.

आता ऐक. मागल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं.

अठ्ठावन्न साली मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला मी मद्रासेस आलो होतो. टी. नगरात खरेदी करून बसमध्ये चढलो. दोन्ही हातांत पुडकी, उभं राहायला जागा नाही, घामानं नुसता निथळत होतो. पुढल्या बायकांच्या जागेवरून एक बाई उठली. नऊवारी, कपाळ मोकळं. मला म्हणाली, "बस." मराठीत म्हणाली. कंडक्टर ओरडला, ती लेडीज सीट आहे म्हणून. तिनं त्याला तमिळमध्ये असं झापलं की तो मागे निघून गेला. मी बसलो. ती शेजारी दांडा धरून उभी राहिली. पाच की सहा स्टॉप. मी एकदाही वर पाहिलं नाही, तीही माझ्याशी पुढे काही बोलली नाही. मांडीवरचं एक पुडकं घसरत होतं, ते उतरताना तिनं सरळ केलं आणि गेली.

मी का बोललो नाही? भ्यालो. तीर्थरूप तेव्हा हयात नव्हते, घरचं कुणी बरोबर नव्हतं. कुणाला भ्यालो ते आजही सांगता येत नाही.

त्या वर्षी नवमी आली. भटजी आले, पिंड झाले. हातात तीळ घेतले आणि राजसाक्काचं नाव उच्चारायला तोंड उघडेना. जिला डोळ्यांनी उभी पाहिली, जिनं उठून जागा दिली, तिला पिंड कसा देऊ? पोट दुखतं म्हणून उठलो. पुढल्या वर्षापासून घरी सांगत आलो, की श्राद्ध मी तिरुवैयारला नदीवर जाऊन करतो. सकाळी सोवळं पिशवीत घालून निघायचो आणि तिथं एका हॉटेलात बसायचो. इडली, वडा, कॉफी. दुपारपर्यंत नदीकाठी बसून तीनच्या बसनं परत. सत्तावीस वर्षं.

यंदाही त्याच नवमीला मी चार इडल्या खाल्ल्या. पोटभर. आणि ती तिकडे माझ्यासाठी उपाशी बसलेली, आणि त्यातच पडली! तुझं पत्र वाचल्यापासून अन्नाला हात लावला की हे आठवतं. तूच सांग, मी तिला मारलं की काय? भटजींना सगळं सांगितलं. म्हणाले, बातमी कळली तेव्हापासून तीन दिवस सुतक धरा. धरलं. आमचा राणोजी विचारतो, "अप्पा, तुमची बहीण किती वेळा मरणार?" मुलाला काय सांगायचं?

दगडाचा फोटो काढता आला तर पाठव.

तुझा,
तुळजाजी आजोबा


पेरांबूर, मद्रास
११ एप्रिल १९८६

ती. तुळजाजी आजोबांस,
सलाम.

तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. इडलीपाशी आले आणि मला हसू फुटलं. भिंतीला टेकून पोट दुखेपर्यंत हसले, शेजारीण धावत आली. क्षमा करा. पण आजीला हे कळलं असतं ना, तर तीही हसली असती. आधी कपाळावर हात मारला असता. म्हणाली असती, "मेल्यानं मला एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर मीही खाल्ल्या असत्या!"

तुम्ही तिला मारलं नाही. डॉक्टरांनी ते मला लिहून दिलं आहे, पाहिजे तर पाठवते. तिची नाडी दिवाळीपासूनच चुकत होती. आणि खरं बोलायचं तर त्या दिवशी तिला बळंच दूध पाजायला मी घरात होते. तीन वाजायची वाट मीही पाहत बसले. घरात दोघी असून मी ते केलं नाही, मग तुम्ही तीनशे किलोमीटरवरून काय करणार होतात?

बसचं मला तिनं कधी सांगितलं नाही. मला सांगायची, "एकतीस सालानंतर तुळजाला पाहिलं नाही. नाताळाच्या बाप्तिस्म्याला गेले तेव्हा तो फाटकाशी उभा होता, तेवढंच शेवटचं." म्हणजे तिनंही खोटं सांगितलं. जन्मभर आम्हाला खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या, आणि स्वतः! का, ते मला वाटतं कळतं. तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत, हे कुणाला कळू नये म्हणून.

आता वाईट बातमी. लिहायचं टाळत इतका वेळ भरकटले.

दगडावर जागा उरलेली नाही. ईस्टरच्या आदल्या बुधवारपर्यंत मी तुमची वाट पाहिली. काका म्हणाले, अर्धवट दगड बसवला तर लोक काय म्हणतील. 'जागा कोरी सोड' असं आजीचं स्पष्ट सांगणं होतं, ते मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसले. भांडायचं त्राण नव्हतं, काही वाटतच नव्हतं. काकांनी वचन निवडलं, कारागिरानं कोरलं. सुंदर कोरलंय. तुमचं पत्र ईस्टरनंतर पाच दिवसांनी आलं.

कारागिराला विचारलं. तो म्हणतो, घासून काढायचं तर दगड अर्धा इंच उतरेल, तडकेलही. चर्चची कमिटी वचन घासायला परवानगी देणार नाही. तिनं आयुष्यात माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं, आणि ते मी घालवलं. फोटो पाठवत नाही. काय दाखवू?

अलकनंदा


॥ श्री ॥
तंजावूर
२४ एप्रिल १९८६

चि. अलकनंदा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रडू नको असं लिहिणार होतो. पण तू रडत नाहीस हीच तर तुझी तक्रार दिसते. तेव्हा तुला जमेल तसं कर.

पाच दिवसांचा उशीर माझा, तुझा नव्हे. खरं म्हणजे पाच दिवस आणि चोपन्न वर्षं. दगड असू दे तसाच. तिच्या देवाचं वचन आहे, तिला परकं नाही.

आमच्या घरी वंशावळीची एक जुनी चोपडी आहे. पणजोबांच्या वेळची, आधी मोडीत, पुढे बाळबोध. घरात जन्मलेल्या प्रत्येकाचं नाव तीत असतं, मुलींचीसुद्धा. ती माझ्याकडे असते. तुझं पत्र आल्यावर काढली. राजसाक्काच्या नावापुढे तीर्थरूपांच्या हातचं लिहिलेलं आहे, 'मृत, शके १८५३, निःसंतान.' इतकी वर्षं मी ते पान भराभर उलटत आलो.

गेल्या आठवड्यात रामनवमी झाली. त्या सकाळी स्नान करून बसलो, आणि राणोजीला समोर बसवलं. तो म्हणाला, "अप्पा, आजोबांच्या अक्षराखाली लिहू नका, लोक काय म्हणतील." मी म्हटलं, "लोक म्हणतील म्हातारा बिघडला. तू दौत धर." धरली बिचाऱ्यानं.

तीर्थरूपांचं अक्षर खोडलं नाही. बापाचं आहे. कचेरीत चुकीच्या नोंदीखाली लिहायचो तसं खाली लिहिलं. उतरवून पाठवतो:

'वरील मजकूर खोटा आहे. राजसबाई, जनकोजींची मुलगी. इसवी सन १९३१ च्या नाताळात ख्रिस्ती झाली. भ्रतार सॅम्युएल साळवे, नगरकर. पुत्र दोन. तीस वर्षं आजाऱ्यांची सेवा केली. मद्रासेत वारली, ३१ जानेवारी १९८६. तिच्या पाठचा भाऊ तुळजाजी यानं स्वहस्ते लिहिलं.'

'पाठचा' दोनदा गिरवला. अक्षर वाईट आलं आहे.

तुझ्या वडिलांचं नाव इथल्या मिशन दवाखान्यात विचारून घेतलं, ते आणि काकांचं नाव लिहिलं. काकांना आवडणार नाही, पण आमची चोपडी आहे, त्यांची कमिटी इथं नाही. आता तुझं लिहायचं आहे. तुझी माहिती कळव, म्हणजे जन्म, लग्न, मुलंबाळं, जे असेल ते. शाई वाळायच्या आत पाठव म्हणणार होतो, पण तंजावरच्या उन्हात ते कसं जमणार?

तुझा,
आजोबा


पेरांबूर, मद्रास
३ मे १९८६

ती. आजोबांस,
सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

तुमचं पत्र शाळेला निघताना दारातच मिळालं, ते पर्समध्ये घालून मी नववीच्या शेवटच्या पेपरच्या देखरेखीला गेले. वर्गात चाळीस मुली, पंखे बंद पडलेले, सगळ्या खाली मान घालून लिहीत होत्या. टेबलाशी बसून पाकीट फोडलं. 'वरील मजकूर खोटा आहे' एवढं वाचलं आणि मला रडू आलं. साधं नव्हे, आवाज करून. तीन महिन्यांचं एकदम. पुरवणी मागायला एकीनं हात वर केला होता, तो तिनं हळूच खाली घेतला. मला थांबताच येईना. शेवटी हेडमिस्ट्रेस आल्या, मला बाहेर नेऊन बाकावर बसवलं. म्हणाल्या, "कोण गेलं?" मी म्हटलं, "माझी आजी." त्या म्हणाल्या, "आज?" मी हो म्हटलं.

घरी येऊन आजीच्या खाटेवर बसले आणि तुमचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. खाट रिकामी आहे हे ठाऊक होतं, पण तिला तसंच ऐकायची सवय होती. दवाखान्यात ती तसंच वाचायची. आमच्या पाळकसाहेबांना हे पटणार नाही, तुमच्या भटजींनाही पटणार नाही. मला बरं वाटलं. फार वाईट वाटतंय आणि बरं वाटतंय.

काकांनाही ते वाचून दाखवलं. मग म्हणाले, "माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर लिहिलंय का विचार." त्यांना देवनागरी वाचता येत नाही. मी बरोबर आहे म्हणून सांगितलं.

सोमवारी शाळेला सुट्टी लागते. मी बुधवारच्या रात्रीच्या गाडीनं निघते, गुरुवारी सकाळी पोचते. स्टेशनवर येऊ नका, ऊन असतं. ते पान मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे, मी येईपर्यंत माझं नाव लिहू नका.

माहिती आत्ताच देऊन ठेवते. अलकनंदा, जन्म १४ जुलै १९५५, मद्रास. शिक्षिका. लग्न केलं नाही. मूल नाही. 'निःसंतान' लिहायची रीतच असेल तर बेलाशक लिहा, मला त्याचं काही नाही. पण आमच्या घरातल्या बायकांना तुमच्याकडे आधीच मारून टाकतात, म्हणून माझ्या नावापुढे एक शब्द जास्त लागेल, आणि तो तुमच्याच हातानं हवा: जिवंत.

तुमची,
अलकनंदा